सशाला घरातले औषध नको!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असावेत. आठवडाभर पावसाची झड लागलेली, दवाखान्यात तापाच्या पेशंटांची रांग, बाकावर जागा नाही आणि दारात छत्र्यांचा ढीग. अशा गर्दीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुठ्ठ्याचे खोके पोटाशी धरून आत आली. मागे तिचे वडील. हे गृहस्थ उद्यमनगरात लेथवर काम करतात आणि त्यांच्या घरातली सगळी दुखणी माझ्याकडेच येतात. मला वाटले मुलीला ताप असेल. पण तिने खोके टेबलावर ठेवले आणि वरचा टॉवेल बाजूला केला. आत पांढरा ससा. पुढचे दोन पाय टेकून तो उठायला बघत होता आणि मागचा अर्धा भाग ओल्या फडक्यासारखा फरफटत होता.

"काल रात्री चांगला उड्या मारत होता, डॉक्टरकाका," ती म्हणाली. "सकाळी बघितलं तर असा."

वडिलांनी खिशातून एक बाटली काढली. महिन्यापूर्वी धाकट्या मुलाच्या घशासाठी मीच लिहून दिलेले अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध. तळाला थोडे उरले होते. "डॉक्टर, लहान बाळाला देतो तेवढंच द्यायचं ना? का आणि कमी करू? तेवढं सांगा की."

बाकावरच्या मंडळींनी तोवर निदानही करून टाकले होते. एकाच्या मते वारे गेले होते. एका आजींच्या मते दृष्ट लागली होती. तालमीत उमेदीची वर्षे घालवलेले एक काका म्हणाले, "कमरेत भरलंय. तेल लावून चोळा, सुटंल सकाळपर्यंत."

मी बाटली मागून घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. बाहेरच्या मंडळींना थोडे थांबायला सांगितले. गृहस्थांना म्हटले, "हे औषध याला दिलंत तर पायांचं राहूद्या बाजूला, ससाच जाईल." त्यांना ते खरे वाटले नाही. महिन्यापूर्वी ज्या औषधाने त्यांचा मुलगा बरा झाला होता ते औषध एका सशाला मारील, हे कोणालाही खरे वाटणार नाही. मलाही एके काळी वाटले नव्हते.

१९९९ सालची गोष्ट आहे. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिच्यासाठी बाजारातून एक करड्या रंगाचा ससा आणला होता. त्याला शिंका येऊ लागल्या, नाक वाहू लागले. मी डॉक्टर, घरात औषधांचे नमुने पडलेले. पशुवैद्याकडे जायचे मनातसुद्धा आले नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सशाचे वजन केले, लहान मुलांच्या हिशेबाने किलोमागे मात्रा काढली आणि ड्रॉपरने अमॉक्सिसिलिन सुरू केले. हिशेब अगदी बरोबर होता. तिसऱ्या दिवशी त्याने खाणे सोडले. चौथ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब लागले. मी जुलाबाचे औषध शोधत बसलो. पाचव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ताठ होऊन पडलेला मुलीनेच आधी पाहिला. "बाबा, तुम्ही औषध दिलं होतं ना?" एवढेच ती म्हणाली. ती आता तिशी ओलांडून गेली आहे. हे वाक्य तिच्या लक्षात नाही, माझ्या आहे.

पुढे काही महिन्यांनी एका पशुवैद्य मित्राशी बोलताना कारण कळले. सशाचे पोट आपल्या पोटासारखे नसते. गाय-म्हैस जसे गवत आंबवून पचवते तसे ससाही पचवतो. गाईचे हे काम पुढच्या पोटात चालते, सशाचे मागच्या बाजूला आंधळ्या आतड्यात. त्याच्या देहाच्या मानाने ही पिशवी फार मोठी असते आणि तिच्यात कोट्यवधी उपयोगी जंतू राबत असतात. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिली की हे उपयोगी जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जंतू त्यांची जागा घेतात. त्यांच्या विषाने जुलाब लागतात आणि ससा दोन-चार दिवसांत दगावतो. म्हणजे माझ्या हातून मात्रेची चूक झालीच नव्हती. औषधच त्याच्या जातीला चालणारे नव्हते.

औषधांच्या बाबतीत प्रत्येक जनावराचे गणित वेगळे असते, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. डायक्लोफेनॅक हे सांधेदुखीचे साधे औषध. गुराढोरांना ते सर्रास दिले जात असे आणि त्यांना ते मानवतही होते. पण ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. असे करता करता देशातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध वापरायला बंदी आली. पॅरासिटामॉल तर आपण पोराबाळांना बिनधास्त देतो, पण तीच गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांवर मारायचे फिप्रोनिलचे फवारे आणि थेंब सशाला अजिबात चालत नाहीत. ही गोष्ट सशांच्या मालकांना दुकानात कोणी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

माणसांच्या डॉक्टरने सशावर का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. कारण एवढेच की गेल्या काही वर्षांत शहरात ससे पाळणारी घरे वाढली आहेत. फ्लॅटमध्ये कुत्रा नको म्हणून मुलांना ससा आणून देतात. आणि त्याला काही झाले की आई-वडील सगळ्यात आधी गाठतात कोणाला? कोपऱ्यावरच्या डॉक्टरला नाहीतर औषधाच्या दुकानदाराला. तो ओळखीचा असतो, जवळ असतो आणि सशाचे पैसे घेत नाही. आणि आम्हीही, खरे सांगायचे तर, भिडेपोटी काहीतरी सांगून मोकळे होतो. 'पाव गोळी द्या', 'दोन थेंब द्या'. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालापासून आहे आणि नोंदणी झालेल्या पशुवैद्याखेरीज इतरांनी हा व्यवसाय करू नये असे तो सांगतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जे आम्ही शिकलोच नाही त्याची मात्रा आम्ही कशाच्या जोरावर सांगतो?

आता पायांकडे वळू. सशाचे मागचे पाय अचानक लुळे पडले तर त्यामागे अनेक कारणे असू शकतात, आणि वरून सगळे ससे सारखेच दिसतात.

सगळ्यात आधी बघायचे ते पाठीचा कणा. सशाची हाडे फार हलकी असतात. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या बारा-तेरा टक्के भरतो, सशाचा जेमतेम सात-आठ टक्के. याउलट मागच्या पायांचे स्नायू मात्र दांडगे. उचलताना ससा घाबरला, मागचा भाग अधांतरी लोंबकळला आणि त्याने हवेत जोरात लाथ मारली की त्या झटक्याने त्याचाच कमरेचा मणका मोडतो. पडायला नको, कोणी मारायला नको. रात्री मांजराने पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारल्या, दिवाळीत दाराशी फटाका वाजला, तरी पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात उसळी घेऊन कणा मोडू शकतो. बाजारात सशाला कान धरून उचलतात. ते पाहिले की मला विक्रेत्याशी भांडावेसे वाटते, आणि एक-दोनदा भांडलोही आहे. एक हात छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली, आणि ससा आपल्या अंगाशी टेकलेला, अशा रीतीनेच त्याला उचलावे. सहा वर्षांखालच्या मुलाने उचलूच नये. त्याने जमिनीवर बसावे आणि सशाला मांडीवर येऊ द्यावे.

मणका मोडला असेल तर तेल लावून चोळणे म्हणजे काय, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आपले कोल्हापूर तालमींचे गाव. मुरगळणे, लचकणे, खांदा निखळणे यांवर वस्तादांचा हात अनेकांना लागू पडला आहे, ते मी नाकारत नाही. पण सशाच्या मोडक्या कण्यावर अंगठा दाबला की आतला मज्जारज्जू, जो कदाचित नुसता दबलेला असतो, तो कायमचा चिरडतो. दवाखान्यातल्या त्या काकांना मी हे समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली. पटले की नाही, ठाऊक नाही.

दुसरे कारण एका अतिसूक्ष्म परजीवीचे. नाव लांबलचक आहे, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. १९२२ साली अमेरिकेत राइट आणि क्रेगहेड या दोघांनी सशांच्या पिलांच्या एका कळपात पाय लुळे पडण्याची साथ पाहिली आणि त्यातून या जंतूचा शोध लागला. म्हणजे सशाचे पाय जाणे हीच या रोगाची पहिली ओळख. हा जंतू एका सशाच्या लघवीतून दुसऱ्याच्या पोटात जातो, आईकडून पिलालाही मिळतो, आणि पुष्कळ सशांत काही त्रास न देता वर्षानुवर्षे पडून राहतो. सशाची ताकद कमी झाली की तो मेंदूत, मूत्रपिंडात, डोळ्यांत उचल खातो. मग मान एका बाजूला वाकडी होते, ससा गोल गोल फिरतो किंवा मागचे पाय ओढत चालतो. यावर औषध आहे. फेनबेंडाझोल नावाचे जंतांचे औषध पशुवैद्य साधारण अठ्ठावीस दिवस देतात, सोबत सूज आणि वेदना कमी करणारे औषध. पुष्कळ ससे सुधारतात, काहींचा पाय थोडा अधू राहतो. हे औषध जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळते, म्हणून वाचून कोणी स्वतःच सुरू करू नये. फेनबेंडाझोलचाही काही सशांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते.

काही वेळा तर पायांना काहीच झालेले नसते. ससा उपाशी असतो. सशाला उलटी करता येत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. दुखण्याने, भीतीने, चुकीच्या खाण्याने ते एकदा थांबले की पोटात वायू धरतो, तो खात नाही, लेंड्या टाकत नाही, अंग गार पडते आणि तो गळून पसरतो. मालकाला वाटते पाय गेले. बारा तास ससा काही खाल्ला नाही, लेंडी पडली नाही, म्हणजे उद्यावर टाकायची गोष्ट नव्हे. उन्हाळ्यात हेच उष्माघाताने होते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मोठ्या कानांतून बाहेर टाकतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला ससा दुपारी धापा टाकत आडवा झाला तर त्याला सावलीत आणून कानांवर साध्या पाण्याची ओली घडी फिरवावी. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. याखेरीज जाळीच्या तळावर बसून तळपायांना पडलेल्या जखमा, औषध फवारलेल्या बांधावरचे गवत, उंदरांचे विष, पायाची मोडलेली नडगी, अशी बरीच कारणे राहतात.

एवढ्या कारणांतून एक निवडायला तपासणी लागते, बहुधा क्ष-किरण लागतो. पायाला स्पर्श कळतो का, चिमटा घेतल्यावर तो पाय ओढून घेतो का, लघवी आपोआप होते का, हे बघावे लागते. अंदाजाने हे ठरत नाही.

इथे थोडे विषयांतर करतो. मी १९९० च्या सुमारास इंटर्नशिप केली, तेव्हा पोलिओ आपल्यातून गेलेला नव्हता. रात्री ताप आलेले मूल आई सकाळी कडेवर घेऊन येई आणि सांगे, 'ताप उतरला, पण पाय टाकत नाही.' विचारपूस केली की पुष्कळदा कळे, आदल्या दिवशी कोणीतरी तापासाठी ढुंगणावर इंजेक्शन दिलेले आहे. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली की त्याच पायाला लकवा येण्याचा धोका वाढतो, हे शास्त्राला तेव्हाही माहीत होते. ज्या तापाला इंजेक्शनची गरजच नव्हती त्यासाठी ते दिलेले होते. 'काहीतरी द्या' या आग्रहाला कोणीतरी मान दिला होता, आणि मुलाचा पाय गेला होता. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. तरीही आज पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर आम्हा डॉक्टरांना ते तातडीने कळवावे लागते आणि चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने तपासायला जातात. म्हणजे माणसाच्या बाबतीत आपण शिकलो की पाय लुळा पडला तर आधी कारण शोधायचे. सशाच्या बाबतीत मात्र अजून 'काहीतरी द्या' वरच आहोत.

आणि माणसाच्या बाबतीत तरी किती शिकलो? त्या गृहस्थांच्या खिशातली बाटली बघा. पाणी घालून तयार केलेले हे औषध फार तर आठवडा-दोन आठवडे टिकते. महिनाभर कपाटात राहिलेले ते औषध ससा सोडाच, त्यांच्या मुलालाही द्यायच्या लायकीचे नव्हते. शिवाय ते उरले याचा अर्थ मुलाचा कोर्स पुरा झाला नव्हता.

असो. पशुवैद्य भेटेपर्यंत घरी काय करावे ते सांगतो. ससा पिंजऱ्यातून काढून लहान खोक्यात मऊ टॉवेलवर ठेवावा, म्हणजे तो धडपडणार नाही. चारी बाजूंनी टॉवेलची गुंडाळी लावून त्याला आधार द्यावा. खोली शांत आणि थोडी अंधारी असावी. शेजारची पोरे बघायला येतील, त्यांना दारातूनच परत पाठवावे. पाणी उथळ वाटीत तोंडाजवळ ठेवावे, कारण पाय नसलेल्या सशाला बाटलीच्या नळीपर्यंत मान पोचवता येत नाही. ताजी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला तोंडाशी धरावा. खात असेल तर खाऊ द्यावे. खात नसेल तर सिरिंजने भरवायचे की नाही हे पशुवैद्याला फोनवर विचारूनच ठरवावे, कारण पोट फुगलेले असताना भरवले तर अपाय होतो, आणि आडवे पाडून भरवले तर अन्न श्वासनळीत जाते. ढुंगणाची बाजू ओली राहू देऊ नये. पावसाळ्यात ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडतात. कोमट पाण्याच्या फडक्याने तेवढाच भाग पुसून कोरडा करावा. अंघोळ घालू नये.

शेवटची लेंडी कधी पडली, शेवटचे कधी खाल्ले, लघवी झाली का, काल त्याला कोणी उचलले होते, काय खायला दिले होते, हे कागदावर लिहून न्यावे. यात लाजू नये. 'काल भडंग दिली होती' हे सांगायला लोक ओशाळतात. द्यायला नको होती हे खरेच. भडंग, बिस्किट, पाव, चपाती हे सशाचे अन्न नव्हे. त्याचे अन्न गवत, ओले आणि वाळलेले, दिवसभर. गाजरसुद्धा चित्रांत शोभते तेवढे त्याला मानवत नाही, अधूनमधून एखादा तुकडा पुरे. पण डॉक्टरपासून लपवल्याने निदान चुकते, ते त्याहून वाईट.

आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींत तरबेज असतात. सशाची सवय सगळ्यांना असतेच असे नाही, आणि त्यात कमीपणा नाही. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून 'ससे बघता का' असे सरळ विचारावे. शहरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत, तिथे चौकशी करावी. अवघड दुखणे असेल तर महामार्गावर सातारच्या पुढे शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळचे महाविद्यालय आणि रुग्णालय तर इंग्रजांच्या काळापासूनचे आहे. माझे मत असे की ससा विकत घेण्यापूर्वीच हा शोध घ्यावा. डॉक्टर सापडला नाही तर ससा आणू नये. ससा नीट राखला तर आठ-दहा वर्षे जगतो. मुलाच्या वाढदिवसाला आणून पुढच्या वाढदिवसाला विसरायची ही वस्तू नव्हे.

आता घरातल्या माणसांचे प्रश्न, जे खरे माझ्या अखत्यारीतले. सशाचा लकवा आपल्याला लागतो का? तसा नाही. तो परजीवी माणसातही क्वचित आढळतो, पण बहुधा ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण आहे अशांत. एचआयव्हीचे रुग्ण, मूत्रपिंड बदललेले, कर्करोगाची औषधे घेणारे, अशांनी आजारी सशाची साफसफाई करू नये. बाकीच्यांनी लघवीचा कागद उचलल्यावर साबणाने हात धुवावेत, इतके पुरे.

ससा चावला तर रेबीजची इंजेक्शने घ्यायची का, हाही प्रश्न येतो. जुन्या लोकांना पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात, म्हणून भीती फार. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती आणि तिनेच कधीकधी लकवा येई. २००५ पासून ती आपल्याकडे वापरात नाही, आताची लस दंडात देतात आणि ती सुरक्षित आहे. घरात बंदिस्त असलेल्या, धडधाकट सशाच्या चाव्याला सहसा रेबीजच्या लसीची गरज पडत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का ते बघावे. पण त्या सशाला काही दिवसांपूर्वी कुत्रा किंवा मुंगूस चावले असेल आणि आता त्याचे पाय जात असतील, तर गोष्ट निराळी. सशाला रेबीज होतो तेव्हा तो बहुधा पिसाळत नाही, लुळा पडतो. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी पहिली लस टोचली ती रेबीजने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून केलेली होती. कुत्र्याच्या लसीचा इतिहास अशा लुळ्या पडलेल्या सशांच्या पाठीवर उभा आहे. तेव्हा असा ससा उघड्या हाताने हाताळू नका, पशुवैद्याला चाव्याची गोष्ट सांगा आणि त्याने ओरखडले असेल किंवा चावले असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

आणखी एक. ऊसतोडीच्या दिवसांत फडात सशाची पिले सापडतात आणि लोक ती कौतुकाने घरी आणतात. तो रानससा, पाळीव सशाची ती जातच नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला घरी ठेवणे गुन्हा आहे. त्याची आई दिवसातून एखाद्-दोनदाच पाजायला येते, म्हणून पिलू एकटे दिसले तरी पोरके नसते. त्याला शेजारच्या बांधाच्या आडोशाला ठेवावे किंवा वनखात्याला कळवावे.

खर्चाबद्दल बोलले पाहिजे. ससा मिळतो काही शे रुपयांना आणि तपासणी, क्ष-किरण, औषधे यांना त्याच्या अनेक पट पैसे लागतात. त्या संध्याकाळी बाकावरून कोणीतरी म्हणालेच, "एवढ्यात चार ससे येतील की." हिशेब चुकीचा नाही. तंगीत असलेल्या घराने जनावरावर कर्ज काढावे असे मी म्हणणार नाही. कणा पुरता मोडला असेल, खालच्या भागात काहीच जाणीव नसेल, लघवी तुंबत असेल, तर पशुवैद्याच्या हातून त्याला शांतपणे जाऊ देणे हा दुष्टपणा नव्हे. काही घरांत असा ससा महिनोन्‌महिने निगुतीने सांभाळतात, दिवसातून दोनदा मूत्राशय रिकामे करतात, तेही मी पाहिले आहे. दोन्हींपैकी काय करायचे ते तपासणीनंतर ठरवावे. आणि जे ठरेल ते मुलाला खरे सांगावे. रात्री ससा गायब करून 'तो रानात गेला' असे सांगणे मला मान्य नाही. मूल सहा वर्षांचे असले तरी त्याला खोटे कळते.

त्या मुलीच्या सशाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. मी एका पशुवैद्याला फोन केला, त्यांनी त्याच रात्री बघितले. क्ष-किरणात कणा शाबूत निघाला, पायाला चिमटा कळत होता. त्यांनी त्या परजीवीचेच दुखणे धरून अठ्ठावीस दिवसांचे औषध सुरू केले. पहिला आठवडा काहीच फरक नव्हता आणि वडिलांचा धीर सुटत चालला होता. दुसऱ्या आठवड्यात उजवा पाय टेकू लागला. डावा अजूनही फरफटतो. वडिलांनी कारखान्यातून आणलेल्या रबराच्या चटईचे तुकडे घरभर अंथरले आहेत, फरशीवर त्याचा पाय घसरतो म्हणून.

मागच्या महिन्यात मुलगी सर्दीसाठी आली होती. दप्तरातून एक वही काढून तिने मला दाखवली. लेंड्यांचा हिशेब ठेव, असे मी तिला त्या रात्री सहज म्हणालो होतो. तिने पहिल्या दिवसापासून तारीखवार ठेवला आहे, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. एका पानावर नुसते शून्य होते आणि त्याला तीनदा गोल केलेला होता. "त्या दिवशी मी शाळेत गेले नव्हते," ती म्हणाली.